पूर्वाभ्यास आणि ‘नटीर पूजा’

जबलपूरच्या शहीद स्मारकातील भित्तिचित्रांमुळे नंदलाल बोस यांच्या शिष्यपरंपरेचे, विशेषतः ब्योहार राममनोहर सिन्हा यांचे, नाव त्या नगराशी कायमचे जोडले गेले. ह्या परंपरेविषयी एक समज रूढ आहे. युरोपीय चित्रकार प्रतिमान समोर बसवून अंगप्रत्यंगांचा अभ्यास करतो, आपला चित्रकार स्मृतीतून रेखाटतो; सबब त्याच्या चित्राला पूर्वतयारीचा इतिहासच नसतो, असे मानले जाते. स्वतः गुरूंच्या ‘नटीर पूजा’पुढे हा समज टिकत नाही.

अँग्रचे उदाहरण ह्या संदर्भात उद्‌बोधक आहे. संत सँफोरियनच्या हौतात्म्याचे चित्र ओतूँच्या धर्मपीठासाठी त्याने सुमारे दहा वर्षे घोळविले आणि 1834 साली प्रदर्शनात मांडले. हात, पाय, पाठ यांचे त्याने केलेले सुटे अभ्यास जिवंत आहेत. पूर्ण चित्रात मात्र हे सारे अवयव एकमेकांना रेटू लागतात. राजसेवकांच्या फुगलेल्या स्नायूंवर तेव्हाच टीका झाली, ती सर्वस्वी अन्यायाची नव्हती.

अजातशत्रूची आज्ञा मोडून स्तूपापुढे नृत्यातून पूजा वाहणारी आणि त्यापायी मारली जाणारी श्रीमती ही देखील हुतात्माच. रवींद्रनाथांचे नाटक 1926 चे. त्यात श्रीमतीचे नृत्य केले ते नंदलालांची कन्या गौरी हिने. म्हणजे चित्रकाराचा पहिला अभ्यास कागदावर नव्हे, रंगमंचावर सिद्ध झाला. नाचता नाचता अलंकार उतरवीत जाणाऱ्या आणि अखेर भिक्षुणीवेषात उरणाऱ्या देहाची गती त्याने आधी पाहिली; अवयव मागाहून आले. पुढे 1942 मध्ये शांतिनिकेतनातील चीनभवनाच्या भिंतीवर आणि 1943 मध्ये बडोद्याच्या कीर्तिमंदिरात हाच विषय उतरला. (राजाज्ञा मोडणाऱ्या नटीची कथा गायकवाड राजघराण्याच्या स्मारकात यावी, हाही एक विलक्षण योग !)

मग चीनभवनाच्या भिंतीला बडोद्याचा केवळ पूर्वाभ्यास म्हणावे काय ? कालक्रमाने ती तशी ठरेल, गुणाने नव्हे. अँग्रचा अभ्यास चित्राचा एक तुकडा असतो; नंदलालांचा प्रत्येक अभ्यास हा पुन्हा सादर केलेला संपूर्ण प्रयोग असतो, आणि नाटकाचा पहिला प्रयोग दुसऱ्याचा कच्चा खर्डा आहे, असे कोणी म्हणत नाही.