'मिनारी': घरचं पाणी शेताला

ली आयझॅक चुंग यांच्या 'मिनारी' (2020) या चित्रपटाची सगळी कळ पाण्यात आहे. काळ 1980 च्या दशकातला, जागा अर्कान्सॉ. कोंबडीची पिल्लं नर की मादी हे पाहून वेगळी करण्यात कॅलिफोर्नियातली वर्षं घालवलेला कोरियन जेकब बायकोमुलांना घेऊन इथं येतो. घर म्हणजे माळावर चाकांवर उभा केलेला लांबोडका डबा. तो पाहून बायकोचा, मोनिकाचा, चेहरा उतरतो. जेकबला दिसते ती 50 एकर माती.

विहिरीसाठी पाणाड्या येतो. (हा गडी आपल्याकडेही अगदी ओळखीचा.) जेकब त्याला वाटेला लावतो. कोरियन माणूस डोकं वापरतो, असं लहानग्या मुलाला, डेव्हिडला, ऐकवत, झाडं आणि उतार पाहून स्वतःच जागा ठरवतो. स्टीव्हन युनने हा ताठा इतका लोभस केलाय की आपणही नकळत त्याची बाजू घेतो. पाणी लागतं. मग आटतं. मग घराचं विकतचं पाणी शेताकडे वळतं, आणि एक दिवस घरातलेच नळ कोरडे पडतात. नवराबायकोचं भांडण कितीही लांबवलं असतं तरी इतकं बोललं नसतं.

पोटासाठी इथंही पिल्लं निवडायला तो ज्या हॅचरीत जातो, तिच्या धुराड्याकडे बघत जेकब मुलाला सांगतो, की नर पिल्लं निरुपयोगी म्हणून टाकून देतात. आपण उपयोगी असलं पाहिजे. सिनेमातलं सर्वांत भेदरवणारं वाक्य तो सहज बोलून जातो. या मापाने घरी राहायला आलेली मोनिकाची आई, म्हणजे मुलांची आजी, तर पारच बिनकामाची: स्वयंपाक येत नाही, पत्ते कुटते, शिव्या देते. युन यो-जंग यांना या भूमिकेने ऑस्कर मिळवून दिलं, ते योग्यच. ही आजी ओढ्याकाठी मिनारी या कोरियन पालेभाजीचं बी टाकते. पाणी आहे तिथंच पेरलं, त्यामुळे विहिरीचा प्रश्नच नाही.

अमेरिकी दिग्दर्शकाच्या, अमेरिकेतच घडणाऱ्या या चित्रपटाला गोल्डन ग्लोब मिळालं ते परभाषिक विभागात, हेही कथेला शोभणारंच.

शेवटी शेतमालाच्या कोठाराला लागणारी आग मला जराशी सोयीची वाटते. मोडत आलेला संसार एका रात्रीत सांधायला ती नेमकी वेळेवर लागते. त्यानंतरचा प्रसंग मात्र अचूक आहे. चुंग जेकबला हरवत नाहीत, कॅलिफोर्नियाला परतही धाडत नाहीत. पाणाड्याच्या मागे चालायला तेवढं लावतात.