साळगावचा ख्रिस्त लंडनमध्ये

परदेशी गेल्याशिवाय चित्रकाराला उंची येत नाही, ही समजूत आपल्या कलासमीक्षेने वर्षानुवर्षे पोसली. फ्रान्सिस न्यूटन सूझा यांच्या चित्रांपुढे ती टिकत नाही. १९२४ साली गोव्यातल्या साळगावात ते जन्मले. तान्हे असतानाच वडील गेले. पुढे त्यांना देवी आल्या, आईने सेंट फ्रान्सिस झेवियरला नवस केला. ‘फ्रान्सिस’ हे नाव त्या नवसाचे. चर्चमधली जरतारी वस्त्रे आणि छळ सोसणारा ख्रिस्त यांची लहान वयात बसलेली छाप त्यांनी स्वतःच लिहून ठेवली आहे. १९४७ मध्ये ‘प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुप’ हा चित्रकारांचा गट उभा करून १९४९ मध्ये ते लंडनला गेले. टेट संग्रहालयातले ‘क्रुसिफिक्शन’ १९५९चे, म्हणजे लंडनच्या दहा वर्षांनंतरचे. पण तिथे शांतपणे मान टाकलेला गोरा ख्रिस्त दिसत नाही. दिसतो तो जाड काळ्या रेषांनी कोंडलेला, काळपट, काटेरी देह. यावर कोणी म्हणेल, ही मोडतोड पिकासो आणि रुओ यांच्याकडून आली. हत्यार तिकडे परजले गेले, हे खरेच. पण लंडनमध्ये क्रुसांची वाण कुठे होती? तिथे नव्हते ते नवस बोलणाऱ्या घरातले भय, आणि ते सूझांनी साळगावाहून नेले होते.

सय्यद हैदर रझांचे उदाहरण अधिक अडचणीचे आहे. मंडला जिल्ह्यातल्या बाबरियात जन्मून, नागपूर आणि मुंबईत शिकून ते १९५० मध्ये फ्रान्सला गेले. मन स्थिर व्हावे म्हणून शाळेत गुरुजींनी भिंतीवर काढून दिलेल्या ठिपक्याची आठवण ते पुढे सांगत. त्यांच्या चित्रांत मात्र हा बिंदू केंद्रस्थानी आला तो फ्रान्सला गेल्यावर जवळजवळ तीन दशकांनी. पाश्चात्त्य बाजाराला ‘भारतीयपण’ हवे होते, ते त्यांनी पुरवले, हा आक्षेप उडवून लावण्यासारखा नाही. उत्तरकाळातले कितीतरी बिंदू मला साच्यातून काढल्यासारखे वाटतात. परंतु नुसता बाजारच कारण असता, तर इतकी वर्षे फ्रान्सची निसर्गचित्रे रंगवत ते थांबले नसते. परदेशाने दिले ते अंतर, ऐवज बालपणाचा.

अकोल्याचे चित्रकार अंबादास खोब्रागडे मात्र या मांडणीत सहज बसत नाहीत. १९७२ मध्ये ते नॉर्वेत स्थायिक झाले, तोवर त्यांची वळसे घेत जाणारी अमूर्त रंगरेषा घडून गेली होती. तिच्यात अकोला बोट ठेवून दाखवता येत नाही, पण ऑस्लोने तिला जन्म दिला असेही म्हणता येत नाही. म्हणजे इथेही परदेशाला मूळपद मिळत नाही.

चित्रकाराचे मूळ परदेशात नसेल, तर परभणीसारख्या जिल्ह्यात याचा अर्थ अगदी व्यवहाराचा आहे. एलिमेंटरी-इंटरमिजिएट या चित्रकला परीक्षांची तयारी करणाऱ्या जिंतूरच्या मुलांना नेमगिरीच्या लेण्यांतल्या भव्य तीर्थंकर मूर्तींपुढे वही घेऊन तासन्‌तास बसवावे, आणि मग स्मरणचित्रात त्यांना जे आठवेल ते, वेडेवाकडे का असेना, शिक्षकांनी खोडू नये.