‘ग्रामगीते’तील ग्रामआरोग्यविचार : एक चिकित्सक आकलन (मोहाडी परिसराच्या संदर्भात)

प्रस्तावना :
राष्ट्रसंत तुकडोजी महाराज (१९०९-१९६८) यांची ‘ग्रामगीता’ १९५५ मध्ये प्रकाशित झाली. ४१ अध्यायांच्या या ओवीबद्ध ग्रंथाकडे भक्ती, प्रबोधन आणि ग्रामोन्नती या अंगांनी नेहमी पाहिले जाते. त्यातील ग्रामशुद्धी व ग्रामआरोग्य यांचे विवेचन सार्वजनिक आरोग्याच्या कसोटीवरही तपासले जाणे अगत्याचे आहे. राष्ट्रीय हत्तीरोग नियंत्रण कार्यक्रमही १९५५ मध्येच सुरू झाला. ज्या पूर्व विदर्भात ग्रामगीता श्रद्धेने वाचली जाते, तोच प्रदेश या रोगाने दीर्घकाळ ग्रासलेला आहे. म्हणूनच हा प्रश्न केवळ वाङ्मयीन राहत नाही.

ग्रामगीतेचे सामर्थ्य :
रोग झाल्यावर औषध शोधण्यापेक्षा रोग होऊच नये अशी राहणी असावी, ही ग्रामगीतेची भूमिका आहे. सफाई हे एका जातीचे नव्हे, तर साऱ्या गावाचे काम आहे, हा तिचा आग्रह त्या काळी क्रांतिकारक होता. संत गाडगेबाबांनी हातात खराटा घेऊन जे आचरून दाखविले, त्याला तुकडोजी महाराजांनी ग्रामरचनेच्या विचारात स्थान दिले. झाडणाऱ्या हाताला प्रतिष्ठा देणारा हा ग्रंथ आहे, असे निश्चितपणे म्हणता येते.

एक तुलना :
याच काळात इंग्लंडमधील ग्रामीण जिल्ह्यांतही पाणी आणि मलनिस्सारण हेच प्रश्न होते. १९५० च्या दशकात तेथील कित्येक खेड्यांत बादलीचे शौचकूप वापरात होते. मात्र १८७२ च्या कायद्याने देशभर आरोग्य अधिकाऱ्याची नेमणूक बंधनकारक झाली होती आणि १९७४ मध्ये हे पद संपुष्टात येईपर्यंत त्याचा वार्षिक अहवाल निघत असे. किती घरांना नळ, किती गटारे अपुरी, कोणत्या रोगाचे किती रुग्ण, याची त्यात नोंद असे. हे अहवाल रूक्ष असत. परंतु मागील वर्षी दाखविलेली उणीव यंदा दूर झाली की नाही, हे त्यांवरून पडताळता येई. ओवी मनाला जागे करते, अहवाल जबाबदारी निश्चित करतो.

मोहाडीचा संदर्भ :
मोहाडी हे धानपट्ट्यातील, हातमागाची परंपरा असलेल्या भंडारा जिल्ह्यातील तालुक्याचे ठिकाण असून तेथे आता नगरपंचायत आहे. हत्तीरोगाचा प्रसार करणारा क्युलेक्स डास प्रामुख्याने साचलेल्या घाण पाण्यात वाढतो. अंगण सडा-सारवणाने कितीही स्वच्छ असले, तरी मोरीचे पाणी नालीत आणि नालीचे पाणी गावाच्या टोकाशी तुंबत असेल, तर डासांची पैदास थांबत नाही. घराचे कर्तव्य उंबरठ्यापर्यंत पोहोचते. नाली मात्र अनेकांच्या दारांवरून जाते. तिचा उतार, तिची दुरुस्ती आणि त्यासाठीचा निधी हे प्रश्न सदाचाराने सुटणारे नाहीत. ग्रामगीतेची मर्यादा येथे जाणवते. ही मर्यादा ग्रंथकाराच्या दृष्टीची नसून उपदेशपर काव्यप्रकाराची आहे.

२०००-०१ पासून राज्यात राबविण्यात आलेल्या संत गाडगेबाबा ग्रामस्वच्छता अभियानाने लोकसहभागाची शक्ती सिद्ध केली. तथापि, स्पर्धेतील तपासणी ठरावीक दिवसांची असते. नाली बारा महिने वाहते. सफाईला बक्षिसाचे निमित्त करणे हे ग्रामगीतेच्या नित्य आचरणाच्या शिकवणीशीही विसंगत ठरते.

निष्कर्ष :
ग्रामगीता सार्वजनिक आरोग्याची नैतिक बाजू समर्थपणे मांडते; प्रशासकीय बाजूची अपेक्षा तिच्याकडून करणे अन्यायाचे होईल. परंतु तिच्या ओव्या भिंतीवर रंगवून प्रशासकीय उणीव झाकणे, हा त्या ग्रंथावर अधिक मोठा अन्याय होय. ग्रामसभेत किंवा नगरपंचायतीच्या सभेत पाणी, नाल्या व रोग यांची वार्षिक नोंद जाहीरपणे वाचली जावी आणि मागील नोंदीशी ताडून पाहिली जावी. ज्या गावात ग्रामगीता वाचली जाते, त्या गावाला ही नोंद ऐकण्याची सवय लावणे अवघड नाही.