अंधार कुणाच्या मालकीचा?

मराठी ख्रिस्ती लेखनाचा विषय निघाला की आपली माणसं दोनच गोष्टी करतात. एकतर मिशनऱ्यांनी शाळा काढल्या म्हणून हात जोडतात, नाहीतर 'बाटवलं, बाटवलं' म्हणून बोंबलणाऱ्यांच्या पंगतीला जाऊन बसतात. त्या लेखनाची भाषा कुणी तपासत नाही. मला भाषेबद्दलच बोलायचंय. तेही दोनच शब्दांबद्दल : प्रकाश आणि अंधार.

1842 साली मिशनऱ्यांनी पत्र काढलं, नाव 'ज्ञानोदय'. बाबा पद्मनजींनी आत्मचरित्र लिहिलं, नाव 'अरुणोदय'. जिकडंतिकडं उजाडतंय. उजाडलं म्हटलं की आधी रात्र होती हे आलंच. त्या रात्रीत कोण? तर ख्रिस्त न मानणारे सगळे. म्हणजे भट आणि मांग एकाच अंधारात! ज्यानं दार लावलं तो आणि ज्याच्या तोंडावर लागलं तो, दोघं सारखेच पापी, सारखेच अज्ञानी. माझं भांडण इथं आहे.

खुद्द बायबल या प्रचारापेक्षा शहाणं आहे. उत्पत्तीत देव उजेड करतो, पण अंधार पुसून टाकत नाही. त्याला रात्र असं नाव देतो. निर्गमात लोक भिऊन लांब उभे राहतात आणि मोशे दाट अंधाराकडे चालू लागतो, कारण देव त्या अंधारात आहे. शलमोन मंदिर बांधतो तेव्हाही देवाचं राहणं अंधारातच सांगतो. मंदिराच्या सगळ्यात आतल्या जागेत वर्षातून एकदा, एकटा महायाजक जाणार. बाकीच्यांना पडदा.

आता आमचं चारठाणा घ्या. जिंतूर तालुक्यातलं गाव, जुन्या दगडी देवळांचं. उंच कोरीव स्तंभ बाहेर उन्हात, देव आत गाभाऱ्यात अंधारात. कुठल्याही जुन्या देवळात हेच. गाभाऱ्यातल्या अंधाराला गूढ म्हणायचं, पवित्र म्हणायचं. वेशीबाहेरच्या खोपटातल्या अंधाराला अडाणीपणा म्हणायचं. अंधार तोच, मालक बदलला की नाव बदलतं.

मत्तयाच्या शुभवर्तमानात येशू मरतो त्या दिवशी भर दुपारी तीन तास अंधार पडतो. देवानं आपल्याला का टाकलं, असं तो ओरडून विचारतो. जीव जातो, आणि मंदिराचा पडदा वरपासून खालपर्यंत फाटतो. पडदा उजेडानं फाडला नाही. टाकून दिलेल्या माणसाच्या मरणानं फाडला. ख्रिस्ती धर्मातली ही सगळ्यात मोठी गोष्ट, असं मी समजतो. स्पेनचा साधू-कवी क्रूसाचा योहान, त्याला 1577 साली त्याच्याच पंथाच्या भावांनी तोलेदोत कोंडलं. त्या कोठडीत त्यानं कविता रचल्या. पुढं त्याची काळी रात्र जगभर गेली. रात्रीला त्यानं शिवी दिली नाही. देवाकडं जायची वाट त्याला रात्रीतूनच दिसली. आमच्यापर्यंत आलेल्या प्रचाराच्या मराठीत ही रात्र कुठंय? आम्हाला नुसती पहाट वाटली.

तरी त्याच 'ज्ञानोदया'त 1855 साली मुक्ता साळवे छापली गेली. जोतीराव-सावित्रीबाईंच्या शाळेतली मांगाची पोरगी. ती प्रकाश मागत बसली नाही. इमारतींच्या पायात गाडलेल्या मांग-महारांचा हिशेब तिनं मांडला, गाडणाऱ्यांकडं बोट दाखवलं. अंधाराचा पत्ता तिनं लिहिला. आणि जालन्याजवळ नारायण शेषाद्रींनी बेथेल वसवलं. जन्मानं ब्राह्मण, 1843 साली बाप्तिस्मा घेतलेला माणूस. तिथं मांग समाजातल्या कुटुंबांना घर आणि शाळा मिळाली. हा उजेड मला कळतो. त्याला मोठा शब्द लागत नाही.

पण पडदा पुन्हा शिवला गेलाच. 1950 च्या आदेशानं अनुसूचित जातींची यादी हिंदूंपुरती ठेवली. 1956 साली शीख आले, 1990 साली बौद्ध आले. ख्रिस्ती दलित बाहेरच राहिला. म्हंजे सरकारचं म्हणणं असं की तू उजेडात गेलास, आता तुला कसला अंधार? मात्र गावात बाप्तिस्म्याचा दाखला कोण बघतो? गाव जातच बघतं.

आता आपल्या कवींकडं वळतो. आपल्या पानापानावर सूर्य उगवतोय. हा सूर्य आला कुठून, हे कुणी विचारलं? मी सूतगिरणीत रात्रपाळी करतो. तिथं रात्रभर अंधार नसतोच. ट्यूबलाइट लख्ख जळतात, पण त्या तुटलेला धागा दिसावा म्हणून. माझं तोंड दिसावं म्हणून नाही. तेव्हा उजेड म्हणजे मुक्ती, हे मला कुणी शिकवू नये. उजेड कुणी लावला, कशासाठी लावला, बिल कोण भरतं, हे विचारलंच पाहिजे.

कवींनो, सूर्याला थोडे दिवस सुट्टी द्या. अंधाराला बसून नीट चाचपा. भिंत कुठाय, दार कुठाय, आणि कडी कुठल्या बाजूनं लावलीय, तेवढं लिहा.