दोन कोकरांचा हिशेब

प्राण्यांच्या आनुवंशिकतेविषयी मराठीत लिहायला बसले, की लेखणी बहुधा डॉलीपाशी जाऊन थांबते. ५ जुलै १९९६ रोजी स्कॉटलंडच्या रॉझलिन संस्थेत जन्मलेली ही मेंढी एका प्रौढ मेंढीच्या कासेतील पेशीपासून घडवलेली होती. तिच्यामुळे ‘क्लोन’ हा शब्द आपल्याकडे रुळला आणि त्याबरोबर एक गैरसमजही रुळला: जुळे म्हणजे सारखे, आणि सारखे म्हणजे क्लोन. त्याच दशकात फलटणला मेंढीच्या जुळ्यांवर जे काम सुरू झाले, ते मात्र साहित्याच्या वाचकांपर्यंत फारसे आले नाही. डॉलीपेक्षा ते आपल्या अधिक जवळचे आहे.

आधी गैरसमज. एका फलित अंड्याचे दोन भाग होऊन जन्मणारी जुळी हे निसर्गानेच केलेले क्लोन होत. मेंढीची जुळी बहुतेक तशी नसतात. तिच्या एका माजात दोन अंडी सुटतात, दोन्ही फळतात. कोकरे एकमेकांची साधी भावंडे असतात. क्लोनचा प्रश्न ‘कोणासारखे?’ हा आहे, जुळ्यांचा प्रश्न ‘किती?’ हा. धनगराच्या संसाराला भिडतो तो दुसरा.

दख्खनी मेंढी सहसा एकच कोकरू देते. सुंदरबनच्या दलदलीतली गारोळ मेंढी अंगाने लहानखुरी, पण दोन-तीन कोकरे देणारी. १७९२-९३ मध्ये बंगालमधून काही मेंढ्या जहाजाने ऑस्ट्रेलियात गेल्या. तिथल्या ‘बूरूला’ मेरिनो मेंढ्यांचे बहुप्रसवपण त्यांच्याकडूनच आले, असे संशोधक मानतात. २००१ मध्ये त्याचे कारण सापडले. मेंढीच्या सहाव्या गुणसूत्रावरील एका जनुकात एकच अक्षर बदललेले आहे. त्यामुळे बीजकोशातील पुटके लहान असतानाच पक्व होतात आणि एका वेळी जास्त अंडी सुटतात. फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेत चंदा निंबकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गारोळचे हे जनुक दख्खनी मेंढीत आणले, पुन्हा पुन्हा संकर करून शरीर इथल्याच मेंढीचे राखले आणि ‘नारी सुवर्णा’ हा वाण सिद्ध केला. चंदा निंबकर या इरावती कर्वे यांच्या नात. आजीने माणसांच्या नातेसंबंधांचा शोध घेतला, नातीने मेंढ्यांच्या वंशाचा. या कामाकडे साहित्याचे लक्ष जायला खरे तर एवढे निमित्तही पुरे होते.

पण निव्वळ गौरव करून भागणार नाही. जुळी कोकरे एकट्या कोकरापेक्षा वजनाने हलकी असतात, त्यांच्यात मरही अधिक असते. आईला दूध पुरवावे लागते, मालकाला चारा. जनुकाची एक प्रत असली तर हे साधते. दोन प्रती आल्या तर तीन कोकरेही होऊ शकतात, आणि सड मात्र दोनच. ‘उत्पन्न दुप्पट’ या भाषेत लिहिणारे विज्ञानलेखन इथे उथळ ठरते.

हा हिशेब मराठीत एका कादंबरीने आधीच मांडून ठेवला आहे. व्यंकटेश माडगूळकरांची ‘बनगरवाडी’ १९५५ मध्ये आली. तिच्या शेवटी दुष्काळ पडतो, मेंढरे मरतात, वाडी ओस पडते. कळप किती मोठा असावा हे आधी गवत ठरवते, हे ज्ञान त्या कादंबरीच्या गाभ्यात आहे. ते विज्ञानलेखकाने घ्यावे, आणि कळपातल्या वंशाकडे पाहण्याची नजर कथाकाराने फलटणकडून घ्यावी.

‘बनगरवाडी’ने आपल्याला आणखी एक सवय लावली: धनगर म्हटले की मेंढरे दिसतात. चंदगड तालुक्यात ही सवय मोडते. कोरड्या हवेतली दख्खनी मेंढी इथल्या पावसाची नव्हे. सह्याद्रीच्या कुशीतले इथले धनगरवाडे गवळी धनगरांचे, म्हशींवर जगणारे. इथे जुळ्यांचा अर्थच बदलतो. म्हशीला जुळी होणे अगदी विरळा. गाईला गोऱ्हा आणि कालवड अशी जुळी झाली, तर गर्भात दोघांचे रक्त मिसळते आणि ती कालवड बहुधा वांझ निघते. मेंढीत जो लाभ, तो गाईत तोटा.

म्हशीचा क्लोन मात्र झाला आहे. कर्नालच्या राष्ट्रीय दुग्ध संशोधन संस्थेत २००९ मध्ये पहिले पारडू जन्मले ते काही दिवसांतच गेले. त्याच वर्षी ६ जूनला ‘गरिमा’ जन्मली. उत्तम म्हशीची नक्कल करता येते, हे त्यातून सिद्ध झाले. पण ती म्हैस ज्या रानात चरायची ते रान, तिथे जाण्याची मोकळीक आणि तिला ओळखणारा राखणदार यांची नक्कल होत नाही. चंदगडच्या धनगरवाड्यात म्हशी किती राहतील, हे शेवटी यांवरच ठरते. आनुवंशिकतेवरचे मराठी लेखन जनुकापाशी सुरू होऊन तिथेच संपते तोवर ते अर्धेच राहील.