दाखल्यासाठी लिहिलेलं दुःख

कधी नव्हे ते मी एका अर्जावर लिहिते आहे. पुस्तकांवर लिहिणाऱ्या बाईनं अर्जावर काय लिहायचं, असं कुणी म्हणेल. पण या अर्जात एक निबंध जोडावा लागतो. तो वाचणारा अधिकारी होय किंवा नाही असा शेरा मारतो आणि त्या शेऱ्यावर एका धंद्याची पुढची नऊ वर्षं अवलंबून असतात. इतकं मन लावून वाचलं जाणारं गद्य आपल्याकडे फारसं नाही, म्हणून म्हटलं बघावं.

अर्ज अमेरिकेतला आहे. तिथल्या स्मॉल बिझनेस ॲडमिनिस्ट्रेशन या सरकारी खात्याची, कायद्याच्या कलमावरून ‘एट ए’ म्हणून ओळखली जाणारी एक योजना आहे. सरकारी कंत्राटांतली काही कामं अशा छोट्या धंद्यांसाठी राखून ठेवतात, ज्यांचा मालक सामाजिक आणि आर्थिक दृष्ट्या मागे ठेवला गेला आहे. मालकी किमान 51 टक्के त्या माणसाची हवी. राहतं घर आणि धंद्यातला हिस्सा सोडून त्याची मालमत्ता साडेआठ लाख डॉलरच्या आत हवी. एकदा आत घेतलं की नऊ वर्षं, पुन्हा नाही. मोठ्या खाजगी कंपन्यांना माल पुरवायचा असेल तर दाखला वेगळा. तो नॅशनल मायनॉरिटी सप्लायर डेव्हलपमेंट कौन्सिल ही 1972 साली सुरू झालेली संस्था देते. तिथंही 51 टक्क्यांचीच अट आहे, कागद तपासतात, जागेवर येऊन बघतात. पण निबंध मागत नाहीत. मला बोलायचं आहे ते निबंधाबद्दल.

माझी पुतणी न्यू जर्सीत माती-पाण्याच्या तपासणीची लहानशी प्रयोगशाळा चालवते. तिनं आपला मसुदा मला पाठवला. ‘काकू, तू लिहितेस ना, जरा बघ की’, एवढंच. इंग्रजी तिचं माझ्यापेक्षा चांगलं. तिला हवा होता तो वाचणाऱ्याचा कान.

पूर्वी हा निबंध तिला लिहावा लागला नसता. काळे, स्पॅनिशभाषी, मूळ अमेरिकी, आशिया-पॅसिफिक भागातले आणि भारतीय उपखंडातले अशा पाच गटांपैकी कुठल्याही गटातला माणूस सामाजिक दृष्ट्या मागे ठेवलेला आहे, असं खातं धरूनच चालायचं. आपली माणसं या यादीत आली 1982 साली, तीही मागणी करून. त्यामागचा इतिहास मजेशीर आहे. 1923 मध्ये भगतसिंग थिंड यांच्या खटल्यात तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की हिंदुस्थानी माणूस गोरा नव्हे, म्हणून त्याला नागरिकत्व नाही. 1970 च्या जनगणनेत त्याच हिंदुस्थानी माणसाला गोऱ्यांच्या रकान्यात टाकलं. 1980 मध्ये त्याला स्वतःचा रकाना मिळाला, आणि दोन वर्षांत तो अल्पसंख्य उद्योजक झाला. साठ वर्षांत कातडी तीच, रकाने तीन.

मग 2023 च्या जुलैत टेनेसीतल्या संघीय न्यायालयानं ते ‘धरून चालणं’ थांबवलं. दाद मागणारी कंपनी एका गोऱ्या स्त्रीच्या मालकीची होती, हेही लक्षात ठेवण्यासारखं आहे. गट पाहून कुणाला मागासलेलं समजू नका, एकेकाला सिद्ध करू द्या, असा निकालाचा रोख. त्यावर खात्यानं तोडगा काढला की प्रत्येकानं आपली कहाणी लिहून द्यावी. ज्यांना आधी हे दालन उघडं होतं, त्यांच्यातल्या पुष्कळांनाही ती लिहावी लागली.

तत्त्व म्हणून हे मला पटण्यासारखं वाटलं होतं. न्यू जर्सीतल्या डॉक्टर आईबापांची लेक आणि मिसिसिपीत तीन पिढ्या कापूस वेचलेल्या घरातला मुलगा एकाच ओळीत कसे उभे राहतील? एकेकाचं ऐकून घ्यावं, हे बरंच की. मसुदा वाचला आणि माझं मत डळमळलं.

कहाणीत काय हवं ते ठरलेलं आहे. शिक्षण, नोकरी, धंदा यांत काय अडथळे आले ते सांगायचं. कधी, कुठं, कुणी, काय केलं आणि त्यानं आपलं काय नुकसान झालं, हे प्रत्येक प्रसंगाला जोडायचं. त्रास किरकोळ नको, वारंवारचा आणि जड हवा. आणि तो अमेरिकन समाजात झालेला हवा, दुसऱ्या देशात झालेला धरत नाहीत.

पुतणीनं तीन प्रसंग लिहिले होते. कंत्राटाच्या बैठकीत समोरचा साहेब सगळे प्रश्न तिच्या हाताखालच्या गोऱ्या तंत्रज्ञाला विचारत राहिला. एका बँकेनं कर्जाला नवऱ्याची सही मागितली, नवऱ्याचा धंद्याशी काडीचा संबंध नसताना. तिसरा प्रसंग जुन्या नोकरीतला, बढतीचा. तिन्ही खरे, मला फोनवर कधीतरी सांगितलेले. पण फोनवर ती हसत सांगत होती. त्या साहेबाची नक्कल करून दाखवत होती. नंतर तोच साहेब तिचं कायमचं गिऱ्हाईक झाला, हेही सांगितलं होतं. मसुद्यात नक्कल नव्हती, गिऱ्हाईक नव्हतं. साहेब फक्त वाईट होता आणि ती फक्त दुखावलेली. वाक्यं सारखी, करड्या रंगाची. एका सल्लागारानं नमुना दिला होता म्हणे, आणि नमुन्यातल्या बाईचंही असंच होतं.

समीक्षक म्हणून माझा पहिला आक्षेप हाच. दुःखाला एकच घाट दिला की खरं दुःखसुद्धा खोटं वाचायला लागतं. आत्मकथनांच्या बाबतीत मराठीत हे आपण पाहिलेलं आहे. पहिली पुस्तकं अंगावर आली, नंतर काहींनी त्यांचा साचा उचलला. तिथं निदान वाचकाला पुस्तक मिटून ठेवता येतं. इथं साचा मोडणारी नापास होते.

दुसरा आक्षेप माझ्या घरातून आला आहे. आम्हा जैनांत आलोचना म्हणतात ती स्वतःच्या दोषांची, गुरूपुढे एकेक करून सांगायची. दुसऱ्यानं आपलं काय केलं याची वही ठेवायची रीत नाही. दशलक्षण संपल्यावर क्षमावणीला वर्षभराचं सोडून द्यायचं असतं. आम्ही सगळे तसे वागतो असं मी म्हणत नाही, भाऊबंदकीचे दावे आमच्यातही तीस-तीस वर्षं चालतात. पण मन कुठल्या दिशेला वळवायचं हे लहानपणी शिकवलेलं असतं. हा अर्ज नेमकं उलट वळण मागतो. 2011 मध्ये कोण काय बोललं, ते तारखेसह हवं. जो विसरला, ज्यानं सोडून दिलं, त्याच्या हाती पुरावा राहिला नाही. जपून ठेवणाऱ्याची फाईल मात्र जाड. यावर उत्तर देता येईल की अन्याय सोडून देणं हेच अन्याय करणाऱ्याच्या सोयीचं असतं. बरोबर आहे. काळ्या माणसानं विसरावं असं सांगण्याचा मला काय अधिकार? म्हणूनच मला जुनी रीत बरी वाटते. गटावर काय गुजरलं ते इतिहासात लिहिलेलं आहे, ते सरकारनं वाचावं. प्रत्येकाला दारात उभं करून जखम उघडायला लावू नये.

तिसरी गोष्ट त्या ‘दुसऱ्या देशात नव्हे’ या अटीची. पुतणी निपाणीची. माझ्या दिरांची तंबाखूची वखार होती. ही पोर बारावीपर्यंत सगळा हिशेब तोंडपाठ करणारी, आणि वखारीत बसायचं म्हटलं की तिला सांगायचे, पोरीच्या जातीनं पेठेत बसू नये. गल्ल्यावर बसला तो तिचा भाऊ. त्याला टक्केवारी येत नव्हती. माझ्या मते तिच्या धंद्याला पडलेली सगळ्यात मोठी अडचण ती, आणि सगळ्यात मोठा रेटाही तोच. पण ती निपाणीत घडली, म्हणून अर्जात बसत नाही. सीमेवर राहणाऱ्यांना हे नवं नाही. कागदासाठी आपलं अर्धं आयुष्य नेहमीच पलीकडल्या हद्दीत पडलेलं असतं.

एवढं बोलल्यावर त्याच नियमांतला मला आवडलेला भागही सांगायला हवा. तो निबंधाच्या आधी येतो आणि त्याकडे कुणी फारसं बघत नाही. 51 टक्के नुसते कागदावर असून भागत नाही. धंद्यातलं सर्वांत वरचं पद त्याच व्यक्तीकडे हवं, तिनं कामाच्या वेळात पूर्णवेळ तिथं असलं पाहिजे, निर्णय तिचे हवेत. आणि हे वाचून मी चष्मा पुसला: फर्ममधल्या दुसऱ्या कुणाला तिच्यापेक्षा जास्त पगार द्यायचा असेल तर खात्याची परवानगी लागते. ज्यानं हे कलम लिहिलं त्याला घरं माहीत होती. मालक कोण हे भागीदारीच्या कागदावरून कळत नाही, महिन्याला कोण किती घरी नेतं त्यावरून कळतं.

आता आपल्याकडे बघू. जैनांना केंद्र सरकारनं 27 जानेवारी 2014 ला अल्पसंख्याक म्हणून जाहीर केलं. आमच्याकडे बस्तीत त्या दिवशी पेढे वाटले. इथला दाखला धर्मावर मिळतो, निबंध नाही, जखम नाही. कर्नाटकात नाडकचेरीत अर्ज द्यायचा, महाराष्ट्रात तहसीलदाराकडे. अमेरिकेत पुतणीचा धर्म कुणी विचारत नाही, वंश विचारतात. इथं तिच्या चुलतभावाचा वंश कुणी विचारत नाही, धर्म विचारतात. घर एकच आणि दोघंही अल्पसंख्य, पण वेगवेगळ्या कारणांनी.

सोपा दाखला आंधळाही असतो. 2011 च्या जनगणनेत देशात जैन साधारण 44 लाख, आणि जैन म्हटलं की लोकांना दिसतो तो सराफकट्टा. बेळगाव, चिकोडी, सांगली, कोल्हापूर या पट्ट्यातले चतुर्थ आणि पंचम जैन पिढ्यान्‌पिढ्या नांगर धरणारे आहेत, हे पुण्या-मुंबईत सांगावं लागतं. दोन एकर उसावर घर चालवून वर पिठाची गिरणी टाकू पाहणारी बाई आणि शहरातला हिरेव्यापारी, दोघांच्या दाखल्यावर शब्द तेच. राष्ट्रीय अल्पसंख्याक विकास व वित्त महामंडळाच्या कर्जाला उत्पन्नाची मर्यादा असते, तिथं थोडी चाळण लागते खरी. पण त्या बाईला कर्जाची माहिती सांगणारं कुणी भेटत नाही. माहिती असते ती दाखला फ्रेम करून लावणाऱ्याला.

बायकांच्या बाबतीत तर आम्ही 51 चा आकडा घेतला आणि मागची सगळी कलमं तिथंच ठेवली. 2018 पासून केंद्र सरकारच्या खात्यांनी आणि कंपन्यांनी आपल्या खरेदीतला 3 टक्के भाग महिलांच्या लघुउद्योगांकडून घ्यावा असं धोरण आहे. चांगलं आहे. त्यानंतर आमच्या भागात किती फर्म रातोरात बायकांच्या झाल्या! माझ्या ओळखीतल्या एका बाईंचा पाइपांचा कारखाना आहे. म्हणजे कागदावर आहे. चेकबुकावर त्या आधीच सह्या करून ठेवतात, पानभर, देवपूजा झाली की. कारखान्यात शेवटी कधी गेला होतात विचारलं, तर म्हणाल्या, ‘उद्घाटनाला गेलते की.’ त्यांना यात काही गैर वाटत नाही आणि फसवलं गेल्यासारखंही वाटत नाही. नवरा चांगला आहे, मुलं चांगली आहेत. पगार त्यांना नाही. मालकाला कशाला पगार, असं मुलगा म्हणतो.

या बाईंना कुणी निबंध लिहायला सांगितला तर एक ओळ लिहिता येणार नाही, कारण त्यांच्या मते त्यांच्यावर अन्याय झालेलाच नाही. पण पगाराचं ते एक कलम इथं लावलं तर पहिल्याच महिन्यात काय ते दिसेल. आमच्या समाजाच्या महिला परिषदांत अल्पसंख्याक दाखल्यावर व्याख्यानं होतात, मीही दोनदा दिलं आहे. पुढच्या वेळी मी दाखल्यावर बोलणार नाही. पासबुकं घेऊन या, असं निमंत्रणपत्रिकेवर छापायला सांगणार आहे. आयोजक ते छापतील की नाही, शंका आहे. त्यांच्यातल्या निम्म्या फर्मच्या मालकीणबाई समोर बसलेल्या असतात.

पुतणीला मी शेवटी काय सांगितलं ते राहिलं. साहेबाची नक्कल आणि तो नंतर गिऱ्हाईक झाला हे दोन्ही परत घाल म्हटलं. ती म्हणाली, ‘काकू, मग ते म्हणतील नुकसान काय झालं?’ तिचा प्रश्न बरोबर होता. तिनं नक्कल घातली नाही, गिऱ्हाईकही घातलं नाही. मसुदा तसाच पाठवला.