‘एकच प्याला’ : दैवाचा की हातचा?

राम गणेश गडकऱ्यांचे ‘एकच प्याला’ पाहून उठलेला प्रेक्षक डोळे पुसत म्हणतो, “सिंधूचे नशीबच फुटके!” हळहळ खरी, पण या निकालाने नाटककारावर अन्याय होतो, असे मला वाटते.

सॉफोक्लिसच्या ईडिपसला जन्माआधीच देववाणीने घेरलेले असते. ती टाळण्यासाठी धरलेली वाटच त्याला तिच्याकडे नेते. १९१९ साली, गडकऱ्यांच्या निधनानंतर महिन्याभरात, गंधर्व नाटक मंडळीने रंगभूमीवर आणलेल्या या नाटकात अशी देववाणी नाही. सुधाकर बुद्धिमान वकील. कोर्टात मानभंग होतो, सनद काही काळ जाते, आणि ते दुःख विसरायला तळीराम प्याला पुढे करतो. देणारा हात तळीरामाचा; ओठाला लावणारा सुधाकराचा. येथे दैव कोठेच नाही, दुखावलेला अभिमान आहे.

मात्र पहिल्या प्याल्याच्या वेळचे स्वातंत्र्य दहाव्याच्या वेळी उरत नाही. सुधाकर दारू सोडतो, कामासाठी दारोदार फिरतो आणि अवहेलना पदरात घेऊन पुन्हा प्याल्याकडे वळतो. नाटकाचे मर्म मला येथे दिसते. व्यसनाने आतून लावलेले दार त्याने उघडले, तो समाजाने बाहेरून कडी घातली. या कडीला नियती म्हणणे ही समाजाची सोय आहे.

आमच्या बीड जिल्ह्यात हे फार जवळून दिसते. ऊसतोडीला जाणारे जोडपे मुकादमाकडून उचल घेते. अंगठा त्यांचा, पण त्याला भाग पाडणारे कोरडे शिवार त्यांनी निवडलेले नसते. पुढे सारा हंगाम ती उचल फेडण्यात जातो आणि गाव म्हणते, ‘नशिबाचे भोग!’ असे म्हटले की मुकादमाला कोणी काही विचारत नाही, आणि गावालाही.

सिंधूपाशी मात्र गडकरी उणे पडतात. पोराचा जीव गेला, स्वतःचा जात आहे, तरी ती फौजदारापुढे नवऱ्याला वाचवते. हा तिचा निर्णय, की लहानपणापासून अंगात भिनवलेला धर्म? गडकरी तिची पूजा बांधतात, हा प्रश्न तिला विचारत नाहीत. सुधाकराला एकदा तरी नाही म्हणण्याची संधी होती. सिंधूला ती कोणी दिलीच नाही. म्हणून या नाटकातली खरी शोकांतिका मी तिची मानतो. तिच्यासाठी रडणाऱ्याने तिच्या नशिबाला बोल लावण्यापूर्वी आपल्या घरातल्या सिंधूला ‘नाही’ म्हणता येते का, एवढे पाहावे.